वेढे

सुगतने बोटं मोजली. फेसबुक, इन्स्टा, यूट्यूब,
लिंक्डइन, आणि पाचवं एक,
ज्याचं नाव त्यालाही नीट घेता येईना.
"आत्या, पाचही ठिकानी पाह्यजे तू.
पर्सनल ब्रँडिंग म्हनतात याले."

मी जळकी मोटर उघडून बसले होते,
पाच एचपीची, डोमाजीच्या वावरातली.
जळक्या वार्निशचा वास माझ्या पोळीलाही येतो.
तो फोटोत येणार नाही, एवढं बरं.

ब्रँड मला माहीत आहे.
पत्र्याच्या चकतीवर असतो, चार रिबिटांनी ठोकलेला,
कंपनीचं नाव, फेरे, फेज.
आतली तांब्याची तार माझी.
तिथे नाव टाकायला जागा नसते.

फक्त शेवटची गाठ मी लाल दोऱ्याने बांधते.
बाकीचे पांढऱ्याने बांधतात.
आठ वर्षांनी एखादी मोटर परत येते,
झाकण काढलं की दोरा दिसतो,
काळा पडलेला, तरी लाल,
आणि मी मनात म्हणते, हो, ही आपली.
हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तरी खाती काढली. तीन काढली.
फोटोवर अडलो.
सुगत म्हणे, लग्नातला टाक.
त्यात मी शालू नेसून भाड्याच्या खुर्चीत,
कॉइल कशाशी खातात हे माहीत नसलेली.
दुकानातल्या फोटोत कपाळभर काजळी.
शेवटी मोटरचाच टाकला.
आठवड्याच्या आत एका माणसाने मोटरीला गुलाब पाठवला.
दुसऱ्याने विचारलं, भाऊ आहेत का?
लिंक्डइन विचारत होतं, तुमचं पद काय?
मी पोत्यावर बसते.
हे पद कसं लिहायचं, सुगतला सुचेना.

मग ते रील.
फोन स्टँडवर, विमानाच्या खुणेवर,
म्हणजे मध्येच कुणाचा फोन नको.
"हस ना आत्या, हात चालू ठेव."
हसलं की मोजणी चुकते.
बासष्ट झाले की त्रेसष्ट? उकललं. पुन्हा.

संध्याकाळी फोन जागा केला
तर डोमाजीचे अकरा कॉल.
लाईन रात्रीची होती, हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं,
मोटर झाली का, एवढंच विचारायचं होतं त्याला.
पोराला धाडून हिंगणघाटहून भाड्याची आणली.
सकाळी आला, आपली नेली, पैसे मोजून दिले.
बोलला काही नाही.
चहा नको म्हणाला.
डोमाजी, चहाला नको म्हणाला.

रात्री सुगतला समोर बसवलं,
तार त्याच्या हातात दिली. म्हटलं, मोज.
एका कॉइलला बासष्ट वेढे.
कमी घातले तर मोटर जळते.
जास्त घातले तर फिरते,
पण पाणी वर चढत नाही,
नुसती घुमते वावरात.
"म्हन्जे किती, आत्या?"

एक ठेवलं, व्हिडिओचं.
त्यात चेहरा नाही, हात आहेत,
आणि माझं मोजणं,
एकोणसाठ, साठ, एकसष्ट.
पुसदची एक पोरगी बघते,
आयटीआयच्या वर्गात एकटीच मुलगी.
तिने विचारलंय,
ताई, गाठ लाल दोऱ्यानेच का?
अजून उत्तर दिलं नाही. देईन.

आणि अर्धं म्हणजे ऑइलपेंटचा डबा.
फाट्यापासून नाल्यापर्यंत जेवढ्या डीप्या,
त्यांच्या जवळच्या दगडांवर.
लाईन गेली की माणूस तिथे येऊन उभा राहतो,
वर बघतो, काही कळत नाही,
मग खाली बघतो.
खाली माझा नंबर.

"दीड," मी म्हटलं.
सुगत हसला. "दीडशहानीच हायेस."
ब्रश त्याच्याच हातात दिला.
नऊ आकडे काळे झाले तेव्हा म्हटलं,
शेवटचा लाल काढ.
लाल रंग आणलाच नव्हता.